सगळे उतरल्यावर उतर

यंत्र घरी यायच्या आधी दोन दाखले काढावे लागले. पहिला, छकूला स्वतःचं स्वतः करता येत नाही, असा. त्याशिवाय यंत्र मिळत नव्हतं. दुसरा, छकूला स्वतःचं स्वतः करता येण्याजोगं आहे, असा. त्याशिवाय खोली मिळत नव्हती. दोन्ही दाखले एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या खिडक्यांवर, आणि देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, एकाच दिवशी मिळायचे होते.

छकू ही माइकवाल्यांची एकुलती एक मुलगी. वय तेहतीस. डॉक्टरांच्या कागदावर तिच्या बुद्धीचं वय सात लिहिलेलं होतं. माइकवाल्यांना ते कधीच पटलं नाही, कारण सात वर्षांची मुलं सर्रास खोटं बोलतात आणि छकूला ते एकदाही जमलं नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईघरात ती टॉवेलांच्या घड्या घालायची. नऊ वर्षं माइकवाले तिला रोज सकाळी बसने पोचवत आणि दुपारी आणायला जात.

माइकवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर माइकवरून गाड्या सांगितल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा मनातून अभिमान होता.

पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर नळी फिरवून "आता जपून हं काका," असं म्हटलं, आणि ते असं काही म्हटलं की माइकवाले घरी चालत न येता बसने आले. आपल्यामागं छकूचं काय, हा एकच प्रश्न त्यांना होता. उत्तर म्हणून गावात एकच घर होतं. तिथे छकूसारख्या चौघीजणी आपापल्या खोलीत राहायच्या, सकाळ-संध्याकाळ एक मावशी येऊन डोकावून जायच्या. त्यातली एक खोली रिकामी झाली होती. अट अशी, की छकूनं सलग दहा दिवस सकाळी उठून, स्वतःचं आवरून, कुलूप लावून, बसने एकटीनं कामावर पोचायचं. मदतीला माणूस नको. यंत्र चालेल.

तर, खिडक्या.

माइकवाल्यांनी रांगेतच छकूला पढवलं. "तीन नंबरच्या खिडकीवर गप्प बसायचं. चार नंबरवर सगळं सांगायचं. कळलं?"

"कळलं," छकू म्हणाली.

तीन नंबरवर बसलेल्या बाई नेमक्या गोड स्वभावाच्या निघाल्या. "काय गं, चहा करता येतो का तुला?" त्यांनी विचारलं, आणि छकूचा चेहरा उजळला. "येतो की! तुम्हाला करू? साखर किती घालू? तुम्ही दमलात ना? डोळे लाल झालेत." बाईंनी डोळे टिपले आणि 'स्वावलंबी' असं लिहून टाकलं.

चार नंबरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

छकूला आता एकदम वडिलांचा उपदेश आठवला. ती म्हणाली, "बाबांनी गप्प बसायला सांगितलंय." त्यापुढं तिनं ओठ जे मिटले ते मिटले. गृहस्थांनी लिहिलं, 'पूर्णपणे परावलंबी'.

माइकवाल्यांनी भर कचेरीत कपाळाला हात लावला. मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि बघा, सरकारी माणसातही देव कुठंतरी असतोच. साहेबांनी एक अक्षर न बदलता दोन्ही कागदांवर एकमेकांच्या खिडकीचे शिक्के मारले आणि म्हणाले, "जा. दोन्ही खरं आहे."

यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं, गळ्यात अडकवायचं. पडद्यावर कामाचं चित्र दिसायचं आणि आवाज ते काम सांगायचा. काम झालं की हिरवं बटण दाबायचं, मग पुढचं काम. कुठला थांबा आला हेही त्याला कळायचं. शिवाय छकू कुठं आहे ते माइकवाल्यांच्या फोनवर लाल ठिपक्यानं दिसायचं. शिकवायला एक ताई आल्या. त्यांनी सांगितलं, "काका, आवाज ओळखीचा हवा. तुमच्याच आवाजात भरू या."

आता हे त्या कुणाला सांगत होत्या! माइकवाल्यांनी दोन दिवस थंड पाणी वर्ज्य केलं. वरच्या मजल्यावरच्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मार्गदर्शनाला खाली येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं पडलं, की 'दात घास' एवढ्यानं भागायचं नाही. का घासायचे, न घासल्यास काय होतं, हेही हवं. माइकवाल्यांनी घसा साफ केला आणि एकतीस वर्षांची पुण्याई पणाला लावली. "कृपया लक्ष द्या. दात घासण्याची वेळ झालेली आहे. ब्रश नळाजवळील पेल्यात उभा आहे."

पहिल्या दिवशी सकाळी यंत्रातून हा आवाज निघाला तेव्हा शेजारच्या घरातलं बाळ रडायचं थांबलं. छकू पलंगावर हात जोडून, मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "छान बोललास बाबा." आणि बसून राहिली.

"अगं, मग ऊठ ना!"

"ते प्रवाशांसाठी असतं," छकू म्हणाली. "आपण मध्ये यायचं नाही."

माइकवाले खालीच बसले. छकू पाच वर्षांची असताना ते तिला कधीमधी केबिनमध्ये घेऊन बसत. माइक चालू असताना ती बडबडायची, म्हणून त्यांनी तिला एकदा, फक्त एकदाच, हे वाक्य सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती ते पाळत होती. एवढी वर्षं आपलं इतकं कुणी ऐकत होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"घरात बोलता तसं बोला काका," ताई म्हणाल्या. पण घरातला आवाज माइकवाल्यांना यंत्रासमोर काढताच येईना. कधी तो बसायचा, कधी भाषणाला उभा राहायचा. शेवटी ताईंनी एक युक्ती केली. यंत्र चालू करून कपाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही रोजच्यासारखं आवरा. मी त्यातलं हवं ते कापून घेते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण यंत्र त्यांनी पिशवीतच ठेवलं.

"काय झालं? आवाज नीट आला नाही का?"

"आवाज छान आलाय काका. पण कापून घ्यायला फारसं काही नाहीये. सकाळच्या दीड तासात तुम्ही छकूताईंना सहा कामं सांगितलीत. आणि एकोणीस वेळा म्हणालात, 'राहू दे, मी करतो.'"

माइकवाल्यांना हे एकदम लागलं. नऊ वर्षांत पोरीला एक दिवस उशीर होऊ दिला नाही त्याचं काही नाही, आणि मोजायला बसल्या! ते म्हणाले, "तिला बटणं लावायला वेळ लागतो."

"हो," ताई म्हणाल्या, "अकरा मिनिटं. मी मोजली. मग?"

बस चुकेल, असं ते पुटपुटले. लवकर उठवू, ताई म्हणाल्या. तेव्हापासून छकू अर्धा तास आधी उठायला लागली, आणि माइकवाल्यांना ताईंनी एक काम दिलं: खुर्चीत बसायचं, हात मांडीखाली ठेवायचे. खरंच मांडीखाली. एकदा छकूनं बटण चुकीच्या काजात घातलं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप सुटून अर्ध्या वाटेत गेला होता. ताईंनी नुसतं बघितलं. हात परत गेला.

कसेबसे कामापुरते तुकडे जमवून यंत्र तयार झालं आणि दहा दिवस सुरू झाले. दिवस पहिला: छकूनं चहात साखर चार वेळा घातली, कारण हिरवं बटण दाबायचं राहिलं आणि यंत्र सांगतच राहिलं. दिवस दुसरा: छान. दिवस तिसरा: कुलूप लावलं, पण माइकवाले आत होते. यंत्राच्या चित्रात माणूस नव्हता, त्याला ती काय करणार? हेडबाईंनी खिडकीतून किल्ली घेतली आणि त्यांना सोडवलं. वर आठवडाभर ती हकीकत जिन्यात सांगितली. दिवस चौथा, पाचवा, सहावा, सातवा: छान. ताई लांबून, मागच्या दारानं बसमध्ये चढायच्या, पुढच्या बाकाकडं बघायच्या नाहीत. आठव्या दिवसापासून तर त्यांनी बसमधलं बसणंही सोडायचं ठरवलं, धुलाईघराच्या दारातच उभं राहायचं.

सातव्या दिवशी संध्याकाळी हेडबाई आल्या. "सगळं खरं हो, पण बस भरलेली असली म्हणजे? पोर भोळी. कुणी ढकललं, पडली, मग? तुम्ही काही सांगून ठेवलंय का तिला?"

यंत्रात बसच्या जागी फक्त 'छकू, उतर' एवढंच होतं. माइकवाल्यांना ते वाक्य आता फारच तुसडं वाटायला लागलं. परक्या माणसालासुद्धा आपण असं उतरवलं नव्हतं कधी. ताईंना विचारावं, हे त्यांच्या मनात आलं. पण ताई नको म्हणतील, हेही आलं. त्यांनी यंत्र घेतलं, मोरीत जाऊन दार लावलं आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, इतका मऊ आवाज आला: "छकू, उतर हं. पण गर्दी असली तर घाई नको. बसून राहा. सगळे उतरल्यावर उतर."

आठव्या दिवशी बस गच्च भरलेली होती.

धुलाईघराच्या थांब्यावर पाच-सहा माणसं उतरली, चार चढली. छकू बसून राहिली. पुढच्या थांब्यावरही सगळे उतरले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ज्या बसमधून सगळेच्या सगळे उतरतात तो थांबा एकच असतो, शेवटचा. हे माइकवाल्यांइतकं गावात कुणाला ठाऊक असायला हवं होतं?

ताईंचा फोन आला, "काका, छकूताई उतरल्या नाहीत." माइकवाल्यांनी आपला फोन उघडला. लाल ठिपका बसस्थानकावर होता. ते पोचले तेव्हा शर्टाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि छातीत काहीतरी चुकीच्या तालावर वाजत होतं. एकतीस वर्षं जिथं बसले त्या केबिनला कुलूप होतं; गाड्या आता संगणक सांगायचा, एक बाई नसलेली बाई. चौकशीवरच्या मुलीला त्यांनी आपलं नाव, हुद्दा, वर्षं सांगितली. ती म्हणाली, "कुठल्या गाडीची चौकशी करायचीय आजोबा?"

ठिपका हळूहळू मोठा करत ते एका दारापाशी आले. दारावर पाटी होती: हरवलेल्या वस्तू.

माइकवाल्यांनी पाटी दोनदा वाचली. यंत्र सापडलं होतं. म्हणजे ते छकूच्या गळ्यातून पडलं होतं, म्हणजे ठिपका यंत्राचा होता आणि छकूचा आता ठिपकासुद्धा नव्हता. भिंतीला टेकून ते लहान मुलासारखे रडले. येणारेजाणारे वळून बघत होते.

आतून कारकून ओरडला, "कोण आहे? काय हरवलंय?"

"मुलगी," ते म्हणाले.

"अर्ज भरा." त्यानं कागद पुढं सरकवला. वस्तूचे वर्णन. रंग. आकार. ओळख पटेल अशी खूण. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत असताना माइकवाल्यांनी आयुष्यभराच्या सवयीनं सगळे रकाने भरले. निळा झगा. मध्यम. वय तेहतीस. कुणीही हाक मारली तरी हसते.

कारकुनानं वाचलं, मागं वळला आणि हाक मारली, "अहो ताई!"

मागच्या खोलीतून छकू हसत बाहेर आली. यंत्र गळ्यातच होतं. मागं, वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या शाली, सदरे, मुलांचे स्वेटर, छत्र्यांचे कापडी अभ्रेसुद्धा, घड्या घालून ढिगांनी रचलेले होते. "बाबा, इथं किती काम पडलं होतं!" ती म्हणाली. "हे काका एकटेच असतात."

"बसमध्ये एकट्याच बसून होत्या," कारकून म्हणाला. "वाहक घेऊन आला. म्हटलं, बसा इथंच. काका, रागावू नका, पण यांना इथं नोकरी द्यायची झाली तर अर्ज कुणाकडं करायचा?"

घरी येताना बसमध्ये माइकवाल्यांनी छकूचा हात धरला तो सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी ते छकूला घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, "आमचा अर्ज मागं घ्यायचाय. नको आम्हाला खोली."

गृहस्थ म्हणाले, "अर्जदाराची सही लागेल."

"मीच तर सांगतोय."

"अर्जदार तुम्ही नाही. त्या आहेत." गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली. "ताई, करता सही? खोली नको म्हणून?"

छकूनं वडिलांकडं बघितलं. मग गृहस्थांकडं. "नाही करणार," ती म्हणाली. "मला हवीय खोली. तिथं खिडकी आहे. माझी एकटीची."

माइकवाले बघतच राहिले. अर्ज, दाखले, शिक्के, यंत्र, हेडबाई, सगळं होऊन गेलं होतं. तुला जायचंय का, हे तिला विचारायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिनं 'खोली नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. देवाची त्यांनी लगेच क्षमा मागितली.

ताईंना त्यांनी मोरीतलं सगळं कबूल केलं. ताई रागावल्या नाहीत. ते माइकवाल्यांना फार कठीण गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तुमचा आवाज नको काका. माझाही नको. छकूताई, तुम्हीच बोला."

छकू दोन दिवस यंत्राशी बोलत बसली होती. दार लावून. यादीही तिचीच. तिसऱ्या दिवशी सकाळी माइकवाले खुर्चीत, हात मांडीखाली. यंत्र बोलायला लागलं, छकूच्या जरा जड, ओल्या आवाजात. "छकू, ऊठ. खिडकी उघड. दात घास, मागचे पण. बटणं लाव, खालून वर. चहा कर." आणि मग: "बाबाला गोळी दे. बाबा विसरतो."

छकूनं फळीवरून डबी काढली, गोळी पाण्याच्या पेल्यासोबत त्यांच्यापुढं धरली, त्यांनी गिळेपर्यंत थांबली आणि हिरवं बटण दाबलं.

ती गोळी चहाच्या बशीत रोज आपोआप येते असं ते दोन वर्षं समजून होते. म्हणजे तसा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून मोजलेले दहा दिवस पार पडले. एकदाही चूक नाही. महिनाअखेरीला छकू तिच्या खोलीत राहायला गेली. हेडबाईंनी जिन्यात डोळ्यांना पदर लावला आणि टॉवेलाच्या घड्यांबद्दल चार सूचना दिल्या.

आठव्या दिवशी ताईंचा फोन आला. "काका, जरा येता का? सकाळी, सातच्या आत. छकूताई रोज उशिरा पोचताहेत. धुलाईघरातून तक्रार आलीय. अशानं खोली जाईल."

माइकवाले गेले. खोली लहान, स्वच्छ; खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. छकू आवरत होती, यंत्र सांगत होतं. बटणं, चहा. मग, "बाबाला गोळी दे. बाबा विसरतो."

छकू थांबली. आणि तेव्हा माइकवाल्यांना कळलं की एरवी इथं काय होत असेल. ताई दारातून हळूच म्हणाल्या, "रोज इथंच अडतं. पलंगाखाली बघतात, जिन्यात बघतात, खालच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. काम झाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. बस निघून जाते. मी म्हटलं हे वाक्य पुसू या, तर हात लावू देत नाहीत. म्हणतात, बाबानं सांगितलं तरच."

आज बाबा समोरच होते. छकू हरखून पेला घेऊन पुढं आली. "आज आहेस! पण गोळी नाहीये माझ्याकडं."

"गोळी मी घेतली छकू. घरी. माझ्या हातानं."

"खरंच?"

नुसतं हो म्हणता आलं असतं. त्यांनी खिशातून सात वारांच्या सात घरांची ती डबी काढून तिच्यापुढं धरली. आजचं घर रिकामं होतं. छकूनं बोट घालून बघितलं, उद्याचं घर बघितलं, मान डोलावली.

"छकू, हे आता तुझ्या यादीत नको. ते पूस."

"मग तू विसरशील."

"एखादेवेळी विसरेन," ते म्हणाले. त्यांचा आवाज, तो घरातला आवाज, आता अगदी सहज निघत होता. "पण ते काम आता माझं. तुझं नाही."

पुसायचं लाल बटण यंत्राच्या कडेला होतं, आणि ते दाबून धरावं लागायचं. छकूचं बोट दोनदा घसरलं. माइकवाले स्टुलावर बसून होते. तिसऱ्या खेपेला बोट टिकलं, यंत्रातून एक बारीक आवाज आला, आणि चित्र गेलं.

लगेच पुढचं काम आलं. "चप्पल घाल. पिशवी घे. दार लाव."

छकूनं चप्पल घातली, पिशवी घेतली, कुलूप हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिली. मग आत डोकावून म्हणाली, "बाबा, तू बाहेर ये ना. दार लावायचंय."

ते उठले. बाहेर आले. तिनं कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, बटण दाबलं आणि जिना उतरायला लागली. तिचा आवाज तिला पुढचं सांगत होता, तिसऱ्या पायरीवरून, मग वळणावरून, मग खालच्या फाटकाशी. बस वेळेवर मिळाली असणार. ताईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "बसा ना काका थोडं." पण बसायला तिथं काही नव्हतं, स्टूल कुलपाच्या आत राहिलं होतं.